गवतावरचे पट्टेवाले

मुलांनो, सात रस्त्याच्या चौकात रस्ता ओलांडताना पायाखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे कधी पाहिलंय? त्याला झेब्रा क्रॉसिंग म्हणतात, हे पहिलीतलं पोरही सांगेल. इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर शेवटचा 'झेड'सुद्धा याचाच. म्हणजे हा प्राणी आपल्या चांगला ओळखीचा. पण सांगा पाहू, झेब्रे किती जातींचे असतात? ते इतकं गवत खातात तरी रवंथ का करत नाहीत? आणि त्यांतला एक प्रकार या जगातून पार पुसला गेला, तो कुणामुळं?

आज आपण या पट्टेवाल्यांच्या मुलखात, आफ्रिकेत जाऊन येऊ. येताना मात्र आपल्या नान्नजच्या माळावरून यायचं बरं का! ही दोन्ही ठिकाणं एका वाटेवर कशी आली, ते वाचता वाचता कळेलच.

रंगवलेलं गाढव?

"बाई, झेब्रा म्हणजे रंगवलेलं गाढव असतं का हो?" आमच्या चौथीच्या वर्गात एकानं विचारलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. पण हसू नका. हीच शंका खुद्द बादशहा जहांगीरच्या दरबारातही निघाली होती! १६२१ साली त्याला आफ्रिकेतल्या ॲबिसिनियाकडून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आलेला एक झेब्रा भेट मिळाला. असलं जनावर कुणी पाहिलेलंच नव्हतं. पट्टे रंगानं ओढलेत की काय, म्हणून तो नीट तपासला गेला. रंग उपजतच आहे, अशी खात्री पटल्यावर दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर यानं त्याचं चित्र काढलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात आहे.

तसा आमच्या चौथीतल्या शंकेखोराचा नेम फार चुकला नव्हता. घोडा, गाढव आणि झेब्रा हे एकाच कुळातले, म्हणजे एकमेकांचे चुलतभाऊच. तिघांच्याही पायाला एकच खूर. गाईसारखं दुभंगलेलं नाही.

गाय गवत खाते आणि मग निवांत बसून रवंथ करते. झेब्र्याला ते जमत नाही. त्याच्या पोटाची रचनाच वेगळी. गवत भराभर खायचं, त्यातला मिळेल तेवढा रस घ्यायचा आणि पुन्हा खायचं! त्यामुळं दिवसाचा बराच वेळ त्याचं तोंड चालूच. पण याचा एक फायदा आहे. जाड, वाळकं, चिवट गवत, ज्याला इतर हरणं नाक मुरडतात, त्यावरही झेब्रा पोट भरतो. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या अफाट गवताळ प्रदेशात हेच चालतं. झेब्र्यांनी वरचे राठ दांडे खाल्ले, की खालचा पाला नू नावाच्या प्राण्यांना मिळतो. त्यांचं झालं, की अगदी बुडातली कोवळी पाती छोट्या हरणांना. पंगतीत बसावं तसे एकामागून एक! पहिल्या पंगतीचा मान झेब्र्याचा.

पट्टे कशाला?

प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे. आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कुणाशी जुळत नाहीत, तसंच. पण मुळात पट्टे हवेत कशाला? या प्रश्नानं शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं छळलं. अलीकडच्या अभ्यासांतून सर्वांत जास्त पुरावा एका गोष्टीचा मिळालाय. पट्ट्यांमुळं गोमाशीसारख्या चावऱ्या माश्यांना अंगावर नीट उतरताच येत नाही! २०१९ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी काळ्या गाईंच्या अंगावर रंगानं पांढरे पट्टे ओढून पाहिले. त्या गाईंना साध्या काळ्या गाईंच्या तुलनेत जवळजवळ निम्म्याच माश्या चावल्या. पोळ्याला, बेंदराला तुमच्याकडं बैल रंगवतात ना? यंदा अंगावर ठिपक्यांऐवजी पट्टे ओढा, आणि बैल शेपूट किती वेळा हलवतो ते मोजा.

तीन भाऊ

आज जंगलात झेब्र्यांच्या तीन जाती उरल्या आहेत.

पहिला, मैदानी झेब्रा. चित्रांत आपण पाहतो तो बहुधा हाच. पूर्व आफ्रिकेपासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत गवताळ रानांत राहतो. एक नर, काही माद्या आणि त्यांची पिलं असं कुटुंब करून हिंडतो. यांची संख्या सुमारे पाच लाख. आकडा मोठा वाटतो, पण तो घसरतोय, हे लक्षात ठेवा.

दुसरा, पहाडी झेब्रा. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या खडकाळ डोंगरांवरचा. याच्या गळ्याखाली कातडीची पोळी लोंबते, आपल्या खिलार बैलाला असते तशीच.

तिसरा, ग्रेव्ही झेब्रा. तिघांत सर्वांत थोराड. कान मोठे आणि गोल, पट्टे बारीक आणि दाट, पोट पांढरं. हा फक्त उत्तर केनियात आणि इथिओपियात उरलाय. १८८२ साली फ्रान्सचे अध्यक्ष झ्यूल ग्रेव्ही यांचं नाव त्याला मिळालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीला हे सुमारे पंधरा हजार होते. आता तीन-साडेतीन हजारांच्या आतच. आधी कातड्यासाठी शिकार झाली. पुढं पाणी आणि चारा यासाठी गुरांशी झोंबी सुरू झाली. दुष्काळात पाणवठा एक आणि पिणारे अनेक, मग काय होतं, हे सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांना मी वेगळं सांगायला नको.

चौथा कुठं गेला?

आता ती दुःखाची गोष्ट. मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार होता क्वागा. त्याचं डोकं आणि मान पट्टेरी, पण मागचं अंग तपकिरी. जणू चित्रकारानं अर्धं चित्र रंगवलं आणि जेवायला उठून गेला! दक्षिण आफ्रिकेच्या माळांवर क्वाग्यांचे कळपच्या कळप होते. युरोपातून आलेल्या लोकांनी तिथं मेंढ्या पाळायला सुरुवात केली. क्वागा मेंढ्यांचं गवत खातो, म्हणून तो मारायचा. त्याच्या कातड्याची धान्याची पोती होतात, म्हणूनही मारायचा. "एवढे आहेत, थोडे मारले तर काय संपणारेत?" असंच प्रत्येकाला वाटत राहिलं.

१८८३ साली १२ ऑगस्टला ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक क्वागा मादी मेली. ती जगातली शेवटची होती. आणि मुलांनो, सर्वांत वाईट काय, तर ती शेवटची होती हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं! तिकडं 'क्वागा' हा शब्द कुठल्याही झेब्र्याला वापरत. त्यामुळं खरा क्वागा कधी संपला, याचा पत्ताच लागला नाही.

पुढं १९८४ साली संग्रहालयात ठेवलेल्या क्वाग्याच्या जुन्या कातड्यातून डीएनए मिळवण्यात शास्त्रज्ञांना यश आलं. नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए वाचायची जगातली ती पहिलीच वेळ. १९८७ पासून दक्षिण आफ्रिकेत कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून त्यांची पैदास चालू आहे. काही पिलं दिसायला क्वाग्यासारखी झालीही. पण दिसायला सारखं म्हणजे तोच नव्हे. गेलेला तो गेलाच.

वाचवलं तर वाचतं

म्हणून काय, हातावर हात ठेवून बसायचं? मुळीच नाही. पहाडी झेब्र्याचंच बघा. दक्षिण आफ्रिकेतला केप पहाडी झेब्रा एकेकाळी शंभराच्याही खाली आला होता. १९३७ साली त्याच्यासाठी खास राष्ट्रीय उद्यान केलं. आणि तिथं सुरुवातीला होते किती? पाच नर आणि एक मादी! ते सगळे १९५० पर्यंत संपले. पण त्याच वर्षी शेजारच्या एका शेतकऱ्यानं आपल्या शेतावर राखलेले अकरा झेब्रे उद्यानाला दिले. त्या अकरांपासून वंश वाढला. आज केप पहाडी झेब्रे काही हजार आहेत. क्वागा संपवणारेही शेतकरी आणि हा वंश राखणाराही शेतकरीच. हे विसरू नका.

बोत्सवाना देशात १९६८ साली गुरांना रोग होऊ नये म्हणून एक लांबच लांब कुंपण घातलं. झेब्र्यांची पावसाळी गवताकडं जायची वाट बंद झाली. २००४ साली कुंपण निघालं. छत्तीस वर्षांनी! जुनी वाट माहीत असलेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत असण्याची शक्यता नव्हती. तरी काही वर्षांतच झेब्रे त्या वाटेनं शेकडो किलोमीटर जाऊ-येऊ लागले. शास्त्रज्ञही थक्क झाले. वाट मोकळी केली, एवढंच माणसानं केलं. बाकीचं त्यांचं त्यांनी केलं.

आणि केनियात ग्रेव्ही झेब्र्यांची शिरगणती कशी करतात, माहितीये? २०१६ च्या जानेवारीत दोन दिवस शेकडो माणसं कॅमेरे घेऊन रानात फिरली. त्यात शास्त्रज्ञ होते, तशीच साधी माणसंही होती. नियम एकच: फोटो झेब्र्याच्या उजव्या अंगाचाच काढायचा. कारण दोन्ही अंगांचे पट्टे सारखे नसतात. मग संगणकानं पट्ट्यांवरून एकेक झेब्रा ओळखला, म्हणजे एकच दोनदा मोजला जायला नको. तेव्हा सुमारे २,३५० झेब्रे भरले. क्वाग्याच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं.

आपल्या घरचे गवतखाऊ

भारतात रानटी झेब्रा नाही. पण त्याचा एक चुलतभाऊ आहे. गुजरातेत कच्छच्या छोट्या रणात राहणारा घुडखर, म्हणजे रानगाढव. रोगराई आणि दुष्काळानं १९६० च्या दशकाच्या अखेरीला तो चारशेच्याही खाली गेला होता. मग अभयारण्य झालं, राखण झाली, आणि २०२४ च्या गणतीत त्याची संख्या साडेसात हजारांवर गेली. शाबास की नाही?

आता चला आपल्या जिल्ह्यात. बार्शी रस्त्यानं सोलापुरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. तिथं माळरान आहे. कुसळं पायमोज्यात घुसतात ना, तेच गवत. त्या माळावर काळविटांचे कळप चरतात. सेरेंगेटीत झेब्र्याचं जे काम, ते आपल्या माळावर काळविटाचं. त्याच्यामागं लांडगा, खोकड, कोल्हा. गवतात चंडोल, तित्तिर. आणि या सगळ्यांत मानाचा पक्षी म्हणजे माळढोक.

माळढोक मीटरभर उंच असतो. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नान्नजच्या माळढोकांकडं लक्ष वेधलं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. ते किती मोठं असावं? ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावं आली, शेतं आली. लोकांना जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात अडचणी येऊ लागल्या. "आमच्यापेक्षा पक्षी मोठा का?" असं लोक विचारू लागले, आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. शेवटी २०१२ च्या सुमारास अभयारण्य कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

दरम्यान माळ बदलत होता. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. जिथं जिथं पाणी पोचलं, तिथं ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आल्या. घरात चार पैसे आले, हे चांगलंच झालं. पण ज्वारीच्या शेतात नाकतोडे टिपत फिरणाऱ्या माळढोकाला उसाच्या फडात जागा नाही. विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत उशीर होतो, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही.

आता एक गंमत सांगते, पण ती गंमत नाही. शाळेत आम्ही तुम्हाला 'झाडे लावा' शिकवतो. ते बरोबरच आहे. पण माळ म्हणजे मेलेलं जंगल, असं समजून माळावरही झाडं लावली गेली. माळावरच्या जिवांना लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा हवी असते. दाट झाडं आली की त्यांचं घर मोडतं. सरकारी कागदांतही माळाची नोंद बऱ्याचदा 'पडीक जमीन' अशीच होते. पडीक? तिथं एवढी पंगत बसते, आणि ती जमीन पडीक कशी?

आज साऱ्या भारतात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. तिथं २०१९ पासून अंडी उबवून पिलं वाढवायचं केंद्र चालू आहे. आपल्या नान्नजला एखादा माळढोक दिसला, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. काळविटांना मात्र राखलेलं गवत मानवलं. त्यांचे कळप आहेत, आणि ते पिकांतही शिरतात. रात्रभर शेत राखणाऱ्या शेतकऱ्याला काळवीट गोड वाटत नाही. नुकसानीची भरपाई मागता येते, पण ती वेळेवर हातात पडली तरच उपयोग. हे भांडण दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळाचं आणि क्वाग्याचं होतं, अगदी तेच आहे: गवत कुणाचं? तिथं त्याचं उत्तर बंदुकीनं दिलं गेलं. आपण दुसरं उत्तर शोधू शकतो का, हा तुमच्या पिढीपुढचा प्रश्न आहे. तुमच्यातलं कुणी उद्या शेतकरी होईल, कुणी वनाधिकारी, कुणी तलाठी. तेव्हा हा प्रश्न तुमच्या टेबलावर येईलच.

तोवर या आठवड्याचा उद्योग लिहून घ्या. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा: "तुम्ही माळढोक पाहिलाय का? कुठं? किती साली? आता त्या जागेवर काय आहे?" जे सांगतील ते जसंच्या तसं वहीत उतरवा, गावाचं नाव घालून. दुसरं काम: तुमच्या गावाजवळचा एक माळ निवडा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन सकाळी तासभर तिथं बसा. दिसेल तो पक्षी, प्राणी, किडा, गवताचा तुरा, सगळं लिहा. नावं आली नाहीत तर चित्रं काढा. घरट्यांजवळ मात्र जायचं नाही, अंड्यांना हात लावायचा नाही.

क्वाग्याच्या वेळी कुणाच्या वहीत नोंद नव्हती. तुमच्या वहीत असू दे. चांगल्या नोंदी आमच्याकडं पाठवा, पुढच्या एखाद्या अंकात त्यांच्यावरच बोलू.